पंचवीस फुटांचा हट्ट

पंचवीस फूट! ऑगस्ट संपत आला की आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हा आकडा कानावर पडायला लागतो. धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारी मंडळी भेटली की हवापाण्याच्या गप्पा दोन मिनिटांत आटोपतात आणि मग प्रश्न येतो, "यंदा किती फुटांवर बांधलंस?" बांधायचं ते मचाण. इथे त्याला ट्रीस्टँड म्हणतात. म्हणजे झाडाच्या खोडाला पट्ट्याने आवळलेली, दोन पावलं मावतील एवढी लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमची जाळी आणि मागे टेकायला एक छोटीशी बैठक. कोणी वीस म्हणतो, कोणी बावीस. पंचवीस म्हणणाऱ्याकडे सगळे आदराने बघतात. मी "बारा" म्हणालो की दोन क्षण शांतता पसरते आणि मग कोणीतरी काळजीच्या सुरात विचारतं, "गुडघे दुखतात का रे?"

तर मंडळी, गुडघे ठणठणीत आहेत. माझं म्हणणं असं आहे की ज्याच्या हातात जुन्या पद्धतीचं साधं धनुष्य आहे त्याने पंचवीस फुटांवर चढून बसणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि त्याची किंमत तो स्वतः देत नाही, हरीण देतं. हे मी इथल्या लोकांना बऱ्याचदा सांगून बघितलं. ते हसतात आणि पुढच्या वर्षी आणखी दोन फूट वर जातात. म्हणून आता मराठीत लिहितोय. निदान तुम्ही तरी शेवटपर्यंत ऐकून घ्याल.

मचाण हा शब्द आपल्याला नवा नाही. कोकणात, विदर्भात रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी माळ्यावर रात्र काढतो. बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या प्राणिगणनेसाठी ताडोबाच्या नाहीतर मेळघाटच्या पाणवठ्यावर रात्रभर मचाणावर जागलेले वाचकही असतील. पण त्या मचाणाचं काम बघण्याचं असतं. बघायचंच असेल तर जितकं उंच तितकं बरं, हे मलाही मान्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार संपली आणि मचाणाची उंची हा फक्त सोयीचा प्रश्न उरला. इथे तसं नाही. इथे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत परवाना काढून धनुष्याने हरीण मारता येतं. (हरीण मारायचंच कशाला, हा प्रश्न आमच्या घरचे दर फोनला विचारतात. मी मांस खातो, वर्षातलं बरंचसं मांस असं मिळवतो, आणि जे खातो ते स्वतः मारायची तयारी असावी असं मला वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. आजचं भांडण वेगळ्यांशी आहे.)

आधी धनुष्याचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. इथे दुकानात "बो" मागितलं की हातात येतं ते कंपाउंड. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळालं. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये दोऱ्यांचं जाळं. दोरी पूर्ण ओढली की चाकं फिरतात आणि हातावरचा भार एकदम उतरतो. सत्तर पौंडांचं धनुष्य ओढून धरायला दहा-पंधरा पौंडांचीच ताकद लागते, त्यामुळे अर्धा-एक मिनिट तसंच धरून हरणाची वाट बघता येते. वर नेम धरायला प्रकाशाचे ठिपके, अंतर मोजायला लेसर. बाण सेकंदाला पावणेतीनशे-तीनशे फुटांनी जातो. हे उत्तम यंत्र आहे. मी स्वतः इंजिनियर, त्यामुळे यंत्राला नावं ठेवणार नाही.

माझ्याकडे आहे ती सहासष्ट इंचांची लाकडाची पट्टी आणि एक दोरी. लाँगबो. ४५ पौंडांचं धनुष्य ओढलं की ४५ पौंड पूर्णच्या पूर्ण बोटांवर येतात, आणि सोडेपर्यंत तिथेच राहतात. नेम धरायला काही नाही. नजर हरणाच्या बरगडीवरच्या एका केसावर आणि बाकी सवय. बाण सेकंदाला १८० फुटांच्या आसपास. या धनुष्याने मी १५ वारांपलीकडे बाण सोडत नाही. (वार म्हणजे यार्डच. आपल्या आज्या कापड मोजायच्या तो.) १५ वार म्हणजे ४५ फूट. अंगणातल्या गवताच्या भाऱ्यावर मी २५ वारांवरूनही बरे बाण मारतो, पण भारा जिवंत नसतो आणि थंडीने माझी बोटं तेव्हा बधिर झालेली नसतात.

गंमत म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये सगळी सुरुवात या लाकडी पट्टीनेच झाली. धनुष्याने हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम अमेरिकेत पहिल्यांदा इथेच ठेवला गेला, १९३४ साली, कोलंबिया आणि सॉक या दोन काउंट्यांमध्ये. वनसंवर्धनाचा ज्याला इथे ऋषी मानतात तो ऑल्डो लिओपोल्ड याच राज्यातल्या विद्यापीठात शिकवायचा, आणि तो स्वतः धनुष्यं तासायचा. कंपाउंड आलं ते पस्तीस वर्षांनी. पण आज मचाणाबद्दलचं जे काही ज्ञान दुकानात, टीव्हीवर, मासिकांत मिळतं ते सगळं कंपाउंडवाल्यांनी कंपाउंडवाल्यांसाठी तयार केलेलं आहे. आणि आमचे लाकडी धनुष्यवाले ते जसंच्या तसं उचलतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसावं तसं.

मीही उचललं होतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी मचाण विकत घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने मला छातीठोकपणे सांगितलं, "वीसच्या खाली बसलास तर घरीच बस." मी आज्ञाधारक विद्यार्थी. चोवीस फुटांवर बांधलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, संध्याकाळचे साडेचार. दलदलीच्या कडेने एक मादी आली आणि माझ्या झाडापासून सहा वारांवर, म्हणजे जवळपास पायाखालीच, येऊन थांबली. इतक्या जवळ! मला वाटलं यापेक्षा सोपं काही असूच शकत नाही. बाण खांद्याच्या मागे, बरगड्यांच्या मधोमध लागला. चित्रात दाखवतात तिथेच. ती उसळली आणि लव्हाळ्यात शिरली.

अर्धा तास थांबून उतरलो. बाण जमिनीत उभा घुसलेला होता. रक्त गुलाबी, फेसाळ, म्हणजे फुप्फुसाचं. मी खूश झालो. शंभर वारांत सापडायला हवी होती. शंभर वारांनी रक्त होतं, हरीण नव्हतं. दोनशेला थेंब पडलेले होते. मग दर दहा-पंधरा पावलांनी एक थेंब. बॅटरीच्या उजेडात गुडघ्यांवर रांगत मी एकेका पानावर तो थेंब शोधत होतो. रात्री एक वाजता दलदलीच्या पाण्यात माग संपला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत गोल गोल फिरलो. रात्री कायोटी ओरडत होते, ते कशावर ओरडत होते याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलं आणि तोच करत राहिलो. ती मादी मला सापडली नाही. घरी आल्यावर बायकोने फक्त "नाही ना?" एवढंच विचारलं आणि ताट वाढलं. मला जेवण गेलं नाही.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. काउंटरवरच्या पोराला शिव्या घालून झाल्यावर, जे आधी करायला हवं होतं ते केलं. आकृती काढली.

तुम्हीही काढा, अगदी दहावीची भूमिती आहे. मचाण चोवीस फुटांवर. उभं राहून बाण सोडताना बाण माझ्या पायांपासून साधारण पाच फूट वर असतो, म्हणजे जमिनीपासून एकोणतीस. हरणाच्या छातीचा मध्य जमिनीपासून दोन फूट धरा. म्हणजे बाणाला सत्तावीस फूट खाली जायचं आहे. हरीण सहा वारांवर, म्हणजे अठरा फुटांवर. सत्तावीस भागिले अठरा, कोन येतो ५६ अंश. आता हरणाची छाती साधारण बारा इंच रुंद असते. बारा इंच आडवं जाताना ५६ अंशांत बाण किती खाली येतो? अठरा इंच. एवढी तर तिच्या अख्ख्या छातीची उंची! मग दोन फुप्फुसं एकाच बाणात भेदली जाणार कशी? मधोमध लागलेला बाण अलीकडच्या एका फुप्फुसातून गेला आणि पुढच्या दोन पायांच्या मधून खाली बाहेर पडला. पलीकडचं फुप्फुस शाबूत. दोन्ही फुप्फुसं भेदलेलं हरीण काही सेकंदांत कोसळतं. एकच भेदलेलं हरीण कुठच्या कुठे जातं. बाण "चित्रातल्या जागी" लागला होता, पण ते चित्र जमिनीवर उभ्या माणसाचं होतं, झाडावरच्या माणसाचं नव्हतं.

बारा फुटांच्या मचाणावरून हाच हिशोब करा. बाण सतरा फुटांवर, खाली जायचं पंधरा फूट. हरीण १५ वारांवर असेल तर कोन साधारण १८ अंश, आणि छाती ओलांडताना बाण चार इंच उतरतो. दहा वारांवर २७ अंश, सहा इंच. दोन्ही फुप्फुसं आरामात. चोवीस फुटांवरून पंधरा वारांना ३१ अंश आणि सात इंच, दहा वारांना ४२ अंश आणि जवळपास अकरा इंच. म्हणजे हरीण जितकं जवळ येईल तितकी माझी संधी कमी होत जाते. ज्या धनुष्याची सगळी ताकद जवळून मारण्यात आहे, त्याचाच नेमका तोटा. याला काय म्हणायचं?

"मग नेम थोडा वर धर, पाठीच्या कण्याजवळ," असं इथले तज्ज्ञ म्हणतात. भूमितीने बरोबर आहे. तीव्र कोनातून दोन्ही फुप्फुसं गाठायची तर बाण वरच आत शिरला पाहिजे. पण वर कणा आहे, आणि कणा नि फुप्फुस यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बाण घालायचा तो लेसर-ठिपके असलेल्या माणसाने. मी केसावर नजर लावून मारणारा माणूस. माझा बाण दोन-तीन इंच इकडे तिकडे जाणारच, आणि मी जागा अशी निवडली पाहिजे की तो दोन-तीन इंच गेला तरी हरणाचे हाल होऊ नयेत.

शिवाय उंचीवरून तो बाण इकडे तिकडे जातोही जास्त. एक म्हणजे गुरुत्वाकर्षण. चोवीस फुटांवरून १५ वारांवरचं हरीण डोळ्याला साडेसतरा वारांवर दिसतं, कारण डोळा तिरकं अंतर बघतो. सपाट जमिनीवर घडलेली सवय हाताला सांगते, साडेसतराचा नेम धर. पण खाली झुकलेल्या बाणाला तेवढा नेम लागत नाही. हवेचा विरोध सोडून, सेकंदाला १८० फूट वेग धरून मी गणित केलं तर बाण जवळपास अडीच इंच वर जातो. बारा फुटांवरून हीच चूक पाऊण इंचाची. कंपाउंडवाल्याचा लेसर ही दुरुस्ती स्वतःच करून देतो. माझ्या डोक्यातलं यंत्र करत नाही.

दुसरं म्हणजे शरीर. साधं धनुष्य मारताना खांदे, हात आणि मान यांची एक बैठक असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. खाली मारायचं तर ती बैठक न मोडता कमरेतून वाकायला हवं. २० अंश वाकणं सोपं आहे. ४५ अंश, हार्नेसला लटकून, जाड जाकीट घालून, पाऊल ठेवायला दोन फूट जागा असताना वाकून बघा! माणूस कमरेतून वाकत नाही, फक्त पुढचा हात खाली करतो. मग दोरी पूर्ण ओढली जात नाही, गाल आणि बोटांची जागा बदलते आणि बाण कुठेही जातो. त्यात माझं धनुष्य सहासष्ट इंचांचं, म्हणजे मुठीखाली तेहेतीस इंच. खाली मारताना खालचं टोक मांडीला नाहीतर मचाणाच्या कठड्याला आपटतं. एकदा ऐन वेळी "टण्ण" असा आवाज झाला आणि समोरचं हरीण आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. अर्थात तिचं बघणं क्षणभराचंच. कंपाउंड जेमतेम बत्तीस-चौतीस इंचांचं असतं, त्यांना हा त्रास कळणारच नाही.

आता विरुद्ध पक्षाचं ऐकून घेऊ. ते म्हणतात, उंच बसलं की हरणाला वास येत नाही. यात थोडं तथ्य आहे, थोडंच. वारा असेल तर उंचावरचा वास जवळच्या हरणाच्या डोक्यावरून जाऊन पुढे कुठेतरी खाली येतो. पण संध्याकाळी ऊन गेलं की थंड होणारी हवा उताराने खाली वाहते, आणि तुमचा वास तिच्याबरोबर पाझरत खाली येतो. तो बाराचा असो की पंचवीसचा. वाऱ्याची दिशा चुकली असेल तर त्या दिवशी त्या झाडावर बसायचं नाही, याला दुसरा उपाय नाही. तेरा फूट वर चढून वारा बदलत नाही.

दुसरं म्हणतात, हरणं वर बघत नाहीत. हे ज्याने पसरवलं त्याला हरीण कधी भेटलेलं नसावं. ज्या रानात माणसं झाडांवर बसून बाण मारतात तिथली हरणं, विशेषतः चार-पाच हिवाळे पाहिलेल्या माद्या, येता येता झाडं तपासत येतात. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळपास सगळीकडचं दिसतं. रंग मात्र त्यांना आपल्यासारखे दिसत नाहीत, लाल-केशरी त्यांना मळकट वाटतो. त्यांना पकडता येते ती हालचाल आणि आकाशापुढे उमटलेला आकार. इथे उंचीवाले पायावर धोंडा पाडून घेतात. कारण इथली झाडं ऑक्टोबरअखेर ओकी होतात. जितकं वर जाल तितक्या फांद्या विरळ, आणि पंचवीस फुटांवर तुम्ही मोकळ्या आकाशावर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यासारखे दिसता. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे, फक्त दिवा नाही. बारा फुटांवर मागे जाड खोड असतं, आजूबाजूच्या झाडांची खोडं असतात. मी ओक शोधतो, कारण त्याची खालची वाळकी पानं बराच काळ गळत नाहीत. नाहीतर दोन-तीन खोडं एकाच बुंध्यातून फुटलेला मेपल. सदाहरित हेमलॉक मिळाला तर देवच पावला. झाड आधी, उंची नंतर. ओकाची पानं अकरा फुटांवर दाट असतील तर मी अकराला बांधतो, चौदाला असतील तर चौदाला.

एका बाबतीत मात्र उंचीवाल्यांना मला पाच-दहा मार्क द्यावे लागतात. मी शिकार करतो तो राज्याचा नैर्ऋत्य कोपरा. हिमयुगातल्या हिमनद्या इथे पोचल्याच नाहीत, त्यामुळे बाकीच्या विस्कॉन्सिनसारखा हा भाग घासून सपाट झाला नाही. टेकड्या आणि घळी, आपल्या मावळासारख्या, उंचीला लहान पण चढाला तितक्याच. दहा फुटांना तीन फूट चढ असलेल्या उतारावर बारा फुटांचं मचाण बांधा. वरच्या अंगाला १५ वारांवरचं हरीण साडेतेरा फूट वर उभं असतं. त्याचे डोळे आणि माझे डोळे अगदी एका पातळीत! हलायची सोय नाही. इथे बारा फूट अपुरे आहेत, कबूल. पण उतार खालच्याही अंगाला असतो. त्याच मचाणावरून खालच्या बाजूला दहा वारांवरचं हरीण आणखी नऊ फूट खाली जातं, आणि कोन ३९ अंशांवर पोचतो. बारा फुटांवरूनच! तिथे पंचवीसवर बसलात तर ५१. म्हणून उतारावर मी वर चढत नाही, आडवा सरकतो. जनावरांची वाट टेकडीला ज्या पातळीने वळसा घालते, त्याच पातळीवरचं झाड घ्यायचं आणि पुढे-मागे मारायचं, वर-खाली नाही.

म्हणून माझा मुद्दा फुटांचा नाहीच. फूट विचारणंच चूक आहे. विचारायचा तो कोन. मी माझ्यापुरती तीस अंशांची मर्यादा घातली आहे, तीस अंशांत बारा इंचांना सात इंच उतार पडतो आणि दोन्ही फुप्फुसं ऐसपैस मिळतात. आता पुन्हा तोच कागद घ्या. तीस अंश पाळायचे तर बारा फुटांच्या मचाणावरून हरीण किमान नऊ वारांवर हवं. माझा पल्ला १५ वारांचा. म्हणजे नऊ ते पंधरा, सहा वारांचा पट्टा माझा. पंधरा फुटांवर बसलो तर साडेदहा ते पंधरा. वीस फुटांवर सव्वातेरा ते पंधरा, म्हणजे हरणाने दोन पावलं इकडे तिकडे टाकली की संपलं. आणि पंचवीस फुटांवर? किमान अंतर येतं सोळा वार. माझा पल्ला पंधराला संपतो. पंचवीस फुटांवर बसलो तर साऱ्या रानात बाण सोडण्याजोगी एक इंचही जागा मला उरत नाही. कंपाउंडवाला तीस-पस्तीस वारांपर्यंत मारतो, त्याला सोळापासून पुढे सगळं रान मोकळं. त्याने खुशाल पंचवीसवर बसावं. त्याचा आकडा त्याच्या यंत्रासाठी बरोबरच आहे. तो आमच्या गळ्यात कोणी मारला आणि आम्ही तो का मारून घेतला, एवढंच मला विचारायचंय.

माझा अंदाज असा की यात शिकारीचा भाग कमी आणि मर्दुमकीचा जास्त. उंच चढायला धीर लागतो, आणि तो लागतो हे चार लोकांत सांगायला आवडतं. पण हरणाच्या शिकारीत इथे माणसं गोळी लागून पडतात त्यापेक्षा मचाणावरून पडून हॉस्पिटलात जाणारी जास्त. बारा फुटांवरून पडलेला माणूस ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो, चोवीसवरून ताशी त्रेचाळीसने. बारावरूनही मान मोडते. तेव्हा कमी उंची म्हणजे सुरक्षितता असं मी म्हणणार नाही. मी बारालाही पूर्ण अंगाचा हार्नेस घालतो, आणि जमिनीपासून वरपर्यंत सोडलेल्या दोराला सरकत्या गाठीने अडकूनच चढतो. कारण माणसं बहुतेक वेळा चढता-उतरताना, मचाणावर पाय टाकतानाच पडतात, बसल्यावर नाही. धनुष्य आणि बाण मागाहून दोरीने ओढून घेतो. पण तेरा फूट जास्त चढण्याने जर हरणाचंही वाईट होतंय आणि माझंही, तर तो धीर दाखवायचा कोणाला?

मोजायचं कसं, तर त्याला काही महागडं लागत नाही. मी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या मध्यावर दोरा बांधला आणि दोऱ्याला एक नट लटकवला. ऑगस्टमध्ये मचाण बांधून झालं की वर बसून, वाटेवर रोवलेल्या काठ्यांकडे सरळ कडेतून बघायचं आणि दोरा कुठे पडतो ते वाचायचं. काठीला दोन फुटांवर रंगीत फीत बांधून ठेवतो, तीच हरणाची छाती. तीस अंशांच्या आत जी काठी येत नाही ती उपटून टाकतो. तिथे आलेलं हरीण मग कितीही मोठ्या शिंगांचं असो, ते नुसतं बघायचं. गेल्या हंगामात एक मादी पाच वारांवर, माझ्या बुंध्याशी येऊन वीस मिनिटं ओकाची फळं खात होती. दोरीला माझी बोटं लागलेली होती. तिने खाल्लं, शेपटी झटकली आणि गेली.

परवा आमच्यातल्या एका पंचवीसवाल्याला मी तो कोनमापक दिला. "हे काय, शाळेत परत घालणार का मला?" म्हणाला, पण घेऊन गेला. रविवारी त्याचा फोन आला. त्याच्या मचाणावरून चौदा वारांवरची काठी चौतीस अंशांत येत होती आणि दहा वारांवरची त्रेचाळीस. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीन फूट खाली घेतो."

बावीस. म्हणजे अजून दहा फूट उतरायचेत. मी त्याला म्हटलं, शिडी धरायला मी येतो.